घड्याळ कुणी बदललं? गुन्हे-मालिकेच्या निर्मात्यांना नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
मालिकेचे निर्माते, दिग्दर्शक आणि वाहिनीचा कार्यक्रम विभाग

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये घडणाऱ्या तुमच्या गुन्हे-मालिकेचा पहिला सीझन संपला आणि पाठोपाठ तुम्ही पडद्यामागच्या गमतीजमतींचा तासाभराचा खास भाग दाखवलात. प्रेक्षकांनी पकडलेल्या चुका त्यात एकेक करून पडद्यावर आल्या आणि कलाकारांपासून दिग्दर्शकांपर्यंत सगळे पोट धरून हसले. नंतर दुसऱ्या सीझनचा विषय निघाला. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधली वस्तू, कपडे, जागा पुढच्या शॉटमध्येही तशीच राहते ना हे बघण्यासाठी, आता वेगळा माणूस ठेवणार नाही, दोन सहायक दिग्दर्शक मिळून ते बघून घेतील, म्हणजे कामाचा वेग वाढेल, असं तिथे सांगण्यात आलं. हसण्याबद्दल मी काही बोलले नसते. या निर्णयावर मात्र गप्प बसवत नाही. पत्र तुम्हाला आहे, पण ते तुमच्या प्रेक्षकांनीही वाचावं म्हणून जाहीर लिहिते आहे.

माझा या विषयाशी संबंध काय ते आधी सांगते. मी पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि नोकरीतली बरीच वर्षं मुद्देमाल कारकून होते. घटनास्थळावरून जप्त केलेली वस्तू पोलीस ठाण्यात आली की ती आमच्या ताब्यात यायची. पाकीट, दोरा, लाखेचं सील. लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, वस्तूचं वर्णन, पंचांच्या सह्या, तपासी अंमलदाराची सही. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद. तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायची असेल तर कोणता अंमलदार घेऊन गेला, किती वाजता निघाला, सील शाबूत पोहोचलं का, पोचपावती मिळाली का, हे सगळं कागदावर. वस्तू परत आली की पुन्हा नोंद. पुढे केव्हातरी खटला उभा राहतो, कोर्टात ते पाकीट उघडतात आणि आरोपीचे वकील शांतपणे विचारतात, "जागेवर मिळालेली वस्तू हीच, हे कशावरून?" पंचनाम्यात काळ्या मुठीचा सुरा लिहिलेला असेल आणि पाकिटातून तपकिरी मुठीचा निघाला, तर सगळ्या तपासाची मेहनत तिथेच डळमळते. वस्तू पहिल्या दिवशी जशी होती तशीच शेवटच्या दिवशी समोर ठेवायची, एवढंच आमचं काम. त्यात शाबासकी नसते. चूक झाली तर मात्र सगळ्यांना दिसते.

तुमच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळणारा माणूस नेमकं हेच करतो. म्हणून त्याला काढून टाकल्याचं ऐकलं आणि मला ते लागलं.

तुमची अडचण मला कळते. मालिका क्रमाने चित्रित होत नाही. एका लोकेशनचे सगळे सीन एकदम उरकावे लागतात, त्यामुळे पहिल्या भागातला आणि विसाव्या भागातला सीन एकाच दुपारी होतो. कलाकाराच्या तारखा मिळत नाहीत, मध्येच कुणी आजारी पडतं, एडिटिंगच्या टेबलावर सीन मागेपुढे होतात, आधी तयार करून ठेवलेल्या भागांची बँक संपत आलेली असते आणि टेलिकास्ट तोंडावर असतो. अशा धावपळीत चहाचा कप अर्धा होता की भरलेला, हे निसटणारच. कौटुंबिक मालिकेत सुनेच्या कानातलं मध्येच बदललं तर बघणारा हसून सोडून देतो. पण गुन्ह्याच्या गोष्टीत आम्ही कानातल्याकडेच बघत असतो. तुम्हीच आम्हाला तसं बघायला सांगता. पहिल्याच भागात तुमचे निरीक्षक नव्या शिपायाला म्हणाले होते, "नजर ठेव, वस्तू खोटं बोलत नाहीत." ते वाक्य ऐकून मी ही मालिका मनापासून बघायला बसले. आणि पुढे वस्तूच खोटं बोलत राहिल्या.

त्यात सगळ्यात मोठं प्रकरण घड्याळाचं.

खून झालेल्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ झटापटीत फुटतं आणि बंद पडतं. क्लोजअपमध्ये काटे आठ चाळीसवर आहेत, काचेला बारा आकड्यापासून तिरकी चीर गेली आहे आणि पट्टा तपकिरी आहे. मृत्यूची वेळ या घड्याळावरून ठरते आणि त्या वेळी कोण कुठे होतं, यावर सगळा तपास चालतो. चार भागांनंतर पोलीस ठाण्यात टेबलावर पाकीट उघडतात, तर काटे दहा दहावर. चीर नाही, पट्टा काळा. दुकानात नवी घड्याळं याच वेळेवर लावून ठेवलेली असतात, तसंच हे. मी तो सीन थांबवून पुन्हा पाहिला. आमच्या सोसायटीतल्या बायका, त्यांची कॉलेजातली मुलं, वर राहणारे निवृत्त शिक्षक, सगळ्यांनी पाहिला. घड्याळ बदलल्याबद्दल कुणालाच शंका नव्हती, आणि बदलायची संधी पोलीस ठाण्यातल्याच कुणाला तरी होती. मग कोण? त्या दिवशी किल्ली कुणाकडे होती, मागच्या भागात मुद्देमालाच्या खोलीतून घाम पुसत बाहेर पडलेला हवालदार कोण, सील आधीच तुटलेलं होतं का, यावर कितीतरी संध्याकाळी गेल्या. एका मुलीने तर भागवार तक्ता करून भिंतीला लावला होता.

शेवटचा भाग आला आणि घड्याळाचं नावही निघालं नाही. खुलासा झाला तो तुमच्या खास भागात. मूळ घड्याळ हरवलं होतं, ऐनवेळी दुसरं आणलं, आणि "कोणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं" म्हणून सगळे हसले. घड्याळ बदललेलं होतंच, फक्त बदलणारा कथेत नव्हता. ज्यांनी सगळ्यात लक्ष देऊन मालिका पाहिली त्यांचीच सगळ्यात जास्त फसवणूक झाली, आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बघणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. गुन्हेकथा लिहिणाऱ्यांनी प्रेक्षकाशी असं वागू नये.

दुसरी गोष्ट आमच्या गोदावरीची. यात नुसत्या कंटिन्युइटीपलीकडे, गाव समजून न घेण्याचा प्रश्न आहे. सुरुवातीच्या भागात पूर दाखवलात. वरून घेतलेल्या दृश्यात पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत आहे. पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं, असं बोलूनच नाशिककर पुराचा अंदाज घेतात, त्यामुळे ते दृश्य दिसताच आम्ही सावरून बसलो. त्यानंतरच्या शॉटमध्ये, त्याच रात्री, तुमचे निरीक्षक मूर्तीशेजारी कोरड्या दगडावर बूट घालून उभे आहेत आणि मागे घाटावर फुलांचे हारही वाळलेले दिसतात. पुराचं चित्रण आधीचं आणि प्रसंगाचं नंतरचं, हे दोन सेकंदांत कळतं.

एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण गुन्ह्याची उकल या नदीवरच आहे. आरोपीने रामकुंडाजवळ मृतदेह पाण्यात टाकला आणि प्रवाहाने तो सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत नेला, असं निरीक्षक नकाशावर बोट ठेवून सांगतात. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी आधी सोमेश्वरला येतं, मग नवश्या गणपती, आनंदवल्ली करत खाली रामकुंडाला. सोमेश्वर रामकुंडाच्या वरच्या अंगाला आहे. मृतदेह खाली दसक-पंचकच्या दिशेने जाईल, वर चढून सोमेश्वरला जाणार नाही. धबधबा पडद्यावर छान दिसतो हे मला मान्य आहे, पण त्या एका छान दृश्यासाठी तुम्ही नदी उलटी वाहवलीत आणि तिच्या जोरावर एका माणसाला गुन्हेगार ठरवलंत. नाशिकमधल्या कुठल्याही रिक्षावाल्याला पटकथा वाचून दाखवली असती तर त्याने पहिल्या मिनिटाला तुम्हाला थांबवलं असतं.

रक्ताच्या डागांबद्दल मी नोकरीत जे हाताळलं त्यावरून बोलते. मृताचा पांढरा सदरा जप्त होतो तेव्हा डाग डाव्या बाजूला आहे. प्रयोगशाळेत तो उजवीकडे गेलेला दिसतो. तो शॉट उलटा करून वापरला आहे, कारण मागच्या भिंतीवरच्या पाटीची अक्षरंही उलटी आहेत. शिवाय सहा दिवसांनीही रक्त ताजं लालभडक. वाळलेलं रक्त तपकिरी पडतं, पुढे काळपट होतं. आणि तो ओला सदरा तुमचा शिपाई प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतो. रक्ताचे कपडे आधी सावलीत वाळवायचे आणि कागदाच्या पाकिटात ठेवायचे, नाहीतर दमटपणाने कुजतात, बुरशी धरते आणि तपासणीला काही उरत नाही. नव्याने भरती झालेल्या पोरांना आम्ही हे पहिल्या आठवड्यात शिकवायचो. तुमच्या मालिकेत ही रीत बरोबर दाखवली असती तर घराघरांत लोकांना ती कळली असती.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. पाठलागाच्या सीनमध्ये आरोपीची स्कूटर एमएच १५ घेऊन निघते, वळणानंतर तिच्यावर एमएच ०४ येतं आणि पुन्हा एमएच १५. मधला तुकडा ठाण्याकडे चित्रित झाला असणार. पण साक्षीदार महिलेला नंबरचेच आकडे आठवत असतात ना! उपनिरीक्षकाच्या खांद्यावर दोन तारे असतात, तुमच्या उपनिरीक्षकाला बढती न मिळताच दोन भागांत तीन लागले. सोमवारी रात्री अटक झालेला आरोपी गुरुवारी पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहतो. अटकेपासून चोवीस तासांच्या आत त्याला हजर करावं लागतं, आणि या तीन दिवसांत काय झालं यावर मालिकेत अक्षर नाही.

कलमांचं थोडं सविस्तर बोलायला हवं. टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ऑगस्ट २०२४ दिसतं, म्हणजे गोष्ट तेव्हाची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागतं. बोलताना सवयीने तोंडात जुन्या भारतीय दंड विधानातलं तीनशे दोन येतं, ते मी समजू शकते. आम्हा खात्यातल्या लोकांच्या तोंडीही अजून येतं. पण दोषारोपपत्राच्या क्लोजअपमध्ये 'भा.दं.वि. ३०२' असं टाइप केलेलं दिसतं. कागदावर हे चालत नाही. त्याच नव्या कायद्यांनी झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे. कोणती वस्तू कुठून, कोणासमोर, कशा अवस्थेत उचलली हे नंतर कुणी बदलू नये, हा त्यामागचा उद्देश. खऱ्या तपासात वस्तूवर नजर ठेवायला कॅमेरा आला, आणि तुम्ही तुमच्या कॅमेऱ्याशेजारचा नजर ठेवणारा माणूसच काढून टाकताय.

त्या माणसाला मी पाहिलं आहे. तुमचं युनिट गोदाघाटावर आलं होतं तेव्हा मी गर्दीत उभी होते. एक मुलगी हातात क्लिपबोर्ड घेऊन प्रत्येक टेकनंतर पुढे पळायची आणि मोबाइलवर फोटो काढायची. पिशवी कोणत्या हातात, पदर कुठे खोचलेला, बाटलीत पाणी किती, कपाळावरची पट्टी भुवईच्या किती वर. चहाच्या सुट्टीत तिने मला तिची फाइल दाखवली. सीन नंबर, कथेतला दिवस कितवा, कोणाच्या अंगावर काय, शेवटच्या शॉटला कोण कुठे बघत होतं, सगळं पेनाने नीट लिहिलेलं, आणि शेजारी बारीक अक्षरात शंका. आमचं मुद्देमाल रजिस्टर असंच असायचं. नंतर एका टेकला ती पुढे होऊन म्हणाली, "सर, बांगड्या दुसऱ्या हातात होत्या." उत्तर आलं, "चल गं, कोण बघतंय." ती मागे सरली. तो सीन तसाच दाखवला गेला आणि खास भागात त्याच बांगड्यांवर हशा पिकला. श्रेयनामावलीत मी तिचं नाव शोधलं. नाव नव्हतं.

पडद्यामागच्या गोष्टी मला फार आवडतात, म्हणून तुमचा तो भाग मी उत्सुकतेने लावला होता. हे गाव अशा गोष्टींचंच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, त्यानंतर त्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्याच चित्रपटाच्या बाहेरच्या चित्रीकरणाला मंडळी वांगणीला गेली, तेव्हा हातातली शस्त्रं पाहून लोकांना ते दरोडेखोर वाटले आणि फौजदाराने सगळ्यांना अडकवून ठेवलं. फाळक्यांनी येऊन कॅमेरा दाखवला, समोर प्रसंग करवून घेतला, तेव्हा त्याची खात्री पटली. आणि सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रं पाडायच्या, रसायनं तयार करायच्या, युनिटच्या जेवणाचंही बघायच्या. अशी एखादी गोष्ट कळली की पडद्यावरच्या कामाबद्दल आदर वाढतो. तुमच्या भागाने त्या मुलीच्या कामाबद्दलचा आदर कमी केला. तिने काय सांभाळलं ते दाखवलं नाहीत, तिला सांभाळू दिलं नाही तेच तेवढं दाखवलंत.

टीव्हीवर नीटनेटकं काम करायला वेळच नसतो, असं म्हणू नका. 'सीआयडी'ने २००४ साली १११ मिनिटांचा एक अख्खा भाग एकही कट न घेता, एका शॉटमध्ये चित्रित करून दाखवला आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. एका शॉटमध्ये वस्तू बदलली तर लपवायला कट नसतो. सगळ्या युनिटने, अगदी दरवाजा उघडणाऱ्यानेसुद्धा, आपली जागा आणि आपली वस्तू पाठ केल्याशिवाय हे होत नाही. गुन्हे-मालिकेच्याच लोकांनी ते केलं, आणि तेही साप्ताहिक मालिकेच्या धावपळीत. तुमच्याकडून मी एका शॉटची अपेक्षा करत नाही. एक माणूस आणि त्याच्या म्हणण्याला किंमत, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून माझ्या मागण्या सरळ शब्दांत.

दुसऱ्या सीझनसाठी कंटिन्युइटीचा स्वतंत्र माणूस नेमा. सहायक दिग्दर्शकांवर आधीच कलाकार, गर्दी आणि वेळापत्रक यांचा भार असतो, त्यांना हे जमणार नाही. या माणसाला शॉट थांबवण्याचा अधिकार द्या, निदान पुराव्याच्या वस्तूंपुरता. कथेत जी वस्तू पुरावा आहे तिची दुसरी हुबेहूब प्रत पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. घड्याळ हरवणं समजू शकतं, हरवेल याची तयारी नसणं समजत नाही.

पटकथा पक्की होण्याआधी ती नाशिकमधल्या एका माणसाला आणि पोलिसी कामकाज माहीत असलेल्या एका निवृत्त माणसाला वाचायला द्या. नदी, रस्ते, हद्द, कलमं, पंचनामा यांतल्या बहुतेक चुका तिथेच निघतील, आणि त्याला एक दिवसाहून जास्त लागणार नाही.

पहिला सीझन तुमच्या अ‍ॅपवर आहे आणि नवे प्रेक्षक तो आजही बघतात. घड्याळाचा तो क्लोजअप पुन्हा चित्रित करून बसवा. उलटा शॉट सरळ करा, स्कूटरचा तुकडा कापा, दोषारोपपत्रावरचं कलम बदला. नदीचं काही करता येणार नाही हे मला दिसतं, कारण सगळा शेवटच तिच्यावर बेतलेला आहे. तिथे निदान भागाच्या सुरुवातीला, भूगोल कथेसाठी बदलला आहे, अशी ओळ टाका.

आणि त्या मुलीचं नाव पहिल्या सीझनच्या प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीत टाका. दुसरा सीझन सुरू करण्याआधी तिला बोलवा, तिची फाइल उघडा आणि तिने बारीक अक्षरात लिहिलेल्या शंका लेखकांसह एकदा बसून वाचा. काम करायची तिची अजून तयारी असेल तर ते पद तिलाच द्या.

याचं उत्तर तुम्ही मला एकटीला पाठवू नका. दुसऱ्या सीझनच्या घोषणेसोबत जाहीर द्या, म्हणजे भिंतीवर तक्ता लावणाऱ्या त्या मुलीलाही ते वाचता येईल.

आपली,
एक निवृत्त मुद्देमाल कारकून
सिडको, नाशिक